वासराच्या वाट्याचं दूध

माझी आजी बायजा हिच्या डाव्या भुवईत एक खोक होती. तिथं केस उगवत नसत. लहानपणी मी त्या जागेवरून बोट फिरवायचे आणि ती न चुकता एकच वाक्य म्हणायची, "मोठ्या आयशीनं ढेकूल मारलं." मोठी आयस म्हणजे तिच्या बापाची पहिली बायको, आवडाबाई. आमच्या घरात या बाईची आठवण एवढीच उरली होती: वांझोटी होती, मारकी होती, पोर दिसलं की ढेकूळ उचलायची. घरातली एखादी लेक-सून तापट निघाली की 'हिच्या अंगात आवडाबाय आलीय' असं म्हणायची आमच्याकडे रीत आहे. मलाही म्हणून झालंय. मग मी चिडून तिच्या मागेच लागले. जिच्या नावानं बोलणी खायची ती बाई होती तरी कशी, हे निदान कळावं.

कळलं. न कळतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. आजीला खोदून खोदून विचारलं, कळव्या-दिव्याची जुनी माणसं गाठली, आणि मध्ये जिथं जिथं भोकं राहिली तिथं माझ्या पदरचं घातलं. उगाच खोटं कशाला बोलू?

आवडा मूळची दिव्याची. त्या काळचं दिवं म्हणजे खाडी, चिखल, भातखाचरं आणि मिठागरं. गोड्या पाण्यासाठी बायांनी लांब जायचं आणि आल्यावर ते पाणी दागिन्यासारखं जपायचं. आगगाडी सुरू होऊन तीसेक वर्षं झाली होती, पण ती धूर सोडत निघून जायची, एवढाच तिचा नि दिव्याचा संबंध. आवडाचे आईबाप मिठागरावर राबणारे आगरी. लग्न होऊन ती कळव्याला पंढरीच्या घरी आली. पंढरीही मिठागरावरचाच, पण पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणून त्यानं गोपीनाथरावांच्या गोठ्यात काम धरलं, आणि बायको त्याच्या पाठोपाठ गेली.

गोपीनाथराव ठाण्याच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर लेखणी चालवली आणि म्हातारपणी खाडीपलीकडे, कळव्याला, गाई बांधल्या. ठाण्यातले लोक हसले. रावसाहेबांनी दौत टाकून शेणाची पाटी धरली, म्हणाले. पण दूध चांगलं होतं. रोज पहाटे होडीतून चरव्या पलीकडे जात आणि साहेबांच्या बंगल्यांपासून हलवायांपर्यंत सगळीकडे पोचत. म्हणता म्हणता हसणारेच रतीब लावायला आले.

गोठ्यात आवडाचा जीव रमला. तिचं तोंड फाटकं होतं. ती गाईंना अशा शिव्या द्यायची की होडीवाल्यानं कानावर हात ठेवावेत, आणि गाई मात्र तिचा आवाज आला की पान्हा सोडायच्या. तिचा हात हलका होता. अडलेली गाय तिच्याच हातून सुटायची. वासरू आडवं आलं की आवडा कोपरापर्यंत हात घालून ते वळवायची. वार, म्हणजे वासरामागून पडणारं जाळं, अडकली की तीही तशीच, बोटांनी सोडवत सोडवत काढायची. मग राखेनं हात घासायचे, खाडीच्या पाण्यात बुडवायचे, झालं. काढलेली वार गोठ्यामागच्या वडाला बांधायची. वडाला चीक असतो, म्हणून गाईला दूध चढतं, ही तिकडची पूर्वापार समजूत. त्या वडाच्या फांद्यांवर कायम दोन-चार पुरचुंड्या लोंबत असत आणि खाली कुत्री वाट बघत बसलेली असत.

याच सुमाराला आवडाला दिवस गेले. पहिलंच. पंढरीला इतका आनंद झाला की त्यानं पोराच्या पाळण्यासाठी लाकूड शोधायला सुरुवात केली. आवडा त्याला म्हणाली, "बाजारात तुरी नि तू कोनाला मारी! आधी येव तरी दे." पण स्वतः रात्रंदिवस त्याच विचारात. आयुष्यात तिनं दुसरं काही मागितल्याचं कोणाला आठवत नाही. एक पोर मांडीवर पाहिजे होतं, बस.

तेवढ्यात रावसाहेबांनी मुंबईच्या एका तबेल्यातून चार गाभण गाई आणल्या. फार स्वस्तात मिळाल्या म्हणून खूश होते. स्वस्तात मिळतंय म्हणजे काहीतरी गोम असणार, हे सारा जन्म कचेरीत घालवलेल्या माणसाला कळायला हवं होतं, पण लोभ सुटला की शहाणाही आंधळा होतो. त्यातली चांदी नावाची पांढरी गाय सातव्या महिन्यात गाभडली. वासरू मेलेलंच पडलं. वार अडकली. आवडानं ती काढली. कातड्यासारखी जाड, घाण वास येणारी. तिनं नाक मुरडलं, चांदीच्या आयमायचा उद्धार केला आणि वार नेऊन वडाला बांधली.

आता इथं रावसाहेबांची बायको येते, उत्तराबाई. या बाईवर मला रागावता येत नाही, हाच माझा मोठा राग आहे. फार भली बाई. गोठ्यात तिचा एक नियम होता. गाईचे तीन सड पिळायचे, चौथा वासराला सोडायचा. वासराच्या तोंडचं दूध विकणं म्हणजे पाप, असं तिच्या माहेरी मानत. आता चांदीला वासरूच नाही. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं होतं. ते चाटत चाटत ती दूध देत होती. मग चौथ्या सडाचं काय करायचं? उत्तराबाई होडीतून मुद्दाम कळव्याला आल्या आणि आवडाला म्हणाल्या, "अगं आवडे, लेकराच्या वाट्याचं दूध लेकरालाच जायला हवं. तुझ्या पोटात लेकरू आहे ना? मग ते त्याचं. रोज घेत जा."

"नको बाईसाब. आमी दूध कवा प्यातो?"

"मी सांगते ना! आणि धारोष्ण प्यायचं हं, इथंच, धार काढल्या काढल्या. तापवलंस तर त्यातला सगळा कस जातो."

ठाण्याच्या घरी मात्र दूध चुलीवर दोनदा वर आणलं जायचं. आरोग्यासाठी नव्हे हो, सायीसाठी! साय जाड आली नाही तर उत्तराबाईंच्या तुपाला रवा येत नसे. रतीबवाल्या घरांतही तेच. साहेबांचे खानसामे चहासाठी दूध तापवत, हलवाई तर कढईत आटवून आटवून त्याचा जीव घेत. खाडी ओलांडून जे दूध गेलं त्याला कुठं ना कुठं विस्तव दिसला. गोठ्यातल्या दुधाला तो दिसला नाही.

आवडा रोज पहाटे चांदीच्या चौथ्या सडाखाली वाटी धरायची आणि फेसासकट पिऊन टाकायची. पांढऱ्या मिशा पुसत पंढरीला म्हणायची, "बामनीन झायली मी." पंढरी हसायचा.

महिना गेला असेल. आवडाला ताप येऊ लागला. दिवस कलला की थंडी वाजायची, रात्री घामानं लुगडं भिजायचं, कंबर मोडून यायची. काही दिवस येऊन ताप जायचा, ती पुन्हा कामाला लागायची, की परत यायचा. उत्तराबाईंनी ठाण्यातले एक डॉक्टर दाखवले. ते म्हणाले, खाडीची हवा वाईट, हिवताप आहे. कोयनेल दिलं. अशक्तपणा फार आहे, दूध भरपूर घ्या, असंही सांगितलं. उत्तराबाईंनी लगेच वाटीच्या जागी लोटा केला.

सहाव्या महिन्यात आवडाचं पोर गेलं. मुलगी होती.

चार दिवसांनी ती गोठ्यात आली तेव्हा तिला पान्हा फुटलेला, चोळी ओली, छाती दगडासारखी झालेली. समोर चांदी पेंढ्याचं वासरू चाटत होती. आवडानं ते वासरू काखोटीला मारलं, खाडीवर नेलं आणि पाण्यात भिरकावलं. चांदीनं दूध चोरलं. रावसाहेब भडकले. पंढरीनं हात जोडले. आवडा एवढंच म्हणाली, "तिला फसवू नका. मेलं त मेलं म्हनून सांगा." उत्तराबाईंनी नवऱ्याला गप्प केलं, पण आवडाचा लोटा बंद केला नाही. आता तर बाळंतिणीचं अंग भरून यायला हवं होतं.

त्या साली गोठाच गाभडायला लागला. मुंबईच्या उरलेल्या तिघी गेल्या, मग जुन्या गाईंपैकी आणखी कोण कोण. दर वेळी आवडा वार काढायची, वडाला बांधायची. दर वेळी एक चौथा सड बिनवासराचा व्हायचा आणि दूध आवडाकडे यायचं. दुसऱ्या खेपेला ती पाचव्या महिन्यात मोकळी झाली. तिसऱ्या खेपेला त्याहून लवकर. मध्ये मध्ये ताप होताच. पंढरीलाही यायचा. त्याचे गुडघे धरायचे, एकदा तर जांघेत एवढी सूज आली की त्याला खाटेवरून उठता येईना. पण पुरुषाच्या तापाला कोणी काही म्हणत नाही. बोट बाईकडे जातं.

गेलंच. कळव्यात कुजबुज सुरू झाली की गाई गाभडतात त्या आवडाच्या हातामुळं. जिच्या पोटात पोर ठरत नाही तिनं गाभणीला हात लावला, मग दुसरं काय होणार? आधी गाय गाभडली आणि मग आवडा, हा क्रम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडला होता. पण गावाला क्रम नको असतो, माणूस हवा असतो.

गावात भिवा भगत होता. देव अंगात आला की तो बोलायचा, एरवी मासे मारायचा. मला भगतांचं प्रेम नाही, पण खरं ते सांगितलं पाहिजे. सगळ्यांत कामाची गोष्ट त्या भिवानं सांगितली. तो म्हणाला, "तुझा नि गाईंचा पदर एकात एक अडकलाय. गाईंचं तुना लागतंय नि तुझं गाईंना. पोर पायजे त गोठा सोर. माहेरा जा. गाईचं तोंड बगू नको."

आवडानं ऐकलं. चौथ्यांदा दिवस गेल्याबरोबर ती दिव्याला आईकडे गेली. गोठा नाही, शेण नाही, वार नाही. खाचरात बसून ती तण काढायची, घरात पेज खायची. आणि बघा, दोनेक महिन्यांत ताप हटला. अंगाला मांस चढलं. आई म्हणाली, भगताचं खरं ठरणार. आवडाला पोटात पोर हलताना कळलं आणि ती पहिल्यांदा मोठ्यानं गाणं म्हणाली. तिचा आवाज भसाडा होता, असं आजीनं आवर्जून सांगितलं.

इथंच थांबता आलं असतं तर! पण पंढरीचं बायकोवर प्रेम होतं.

त्याला वाटलं, दिव्याला बिचारीला काय मिळत असेल? पेज नि मीठ. इकडे तिच्या वाटणीचं दूध वाया जातंय. भगतानं गाईचं तोंड बघू नको म्हटलंय, दूध पिऊ नको असं कुठं म्हटलंय? त्यानं उत्तराबाईंना विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अरे, मला कसं सुचलं नाही! ने की. चांदीचंच ने, वासराला सोडून उरतं त्यातलं; तिच्या दुधाची आवडाला सवय आहे." चांदी एव्हाना पुन्हा व्याली होती. या वेळी वासरू जिवंत आणि धडधाकट. गोठ्यातल्या ज्या गाई एकदा गाभडल्या त्या पुढच्या खेपेला नीट वीत होत्या. आवडा गेल्यावर गाई वितात, हे गावानं लगेच टिपलं.

तर पंढरी पहाटेची धार काढायचा, लोट्याच्या तोंडाला वडाचं पान बांधायचा आणि खाडीकाठानं, बांधाबांधानं दिव्याला चालत जायचा. गुडघे दुखायचे तरी जायचा. ऊन चढायच्या आत पोचला पाहिजे, दूध नासता कामा नये, म्हणून जवळजवळ पळायचा. आवडा दारात बसलेली असायची.

"येवरं चालत कशाला येतंस? माज्यासाटी नको मरू."

"तुज्यासाटी नाय गो. आत हाय त्याच्यासाटी. पी."

आईनं एकदा म्हटलं की चुलीवर ठेवते जरा. पंढरीच नको म्हणाला. बाईसाबनी सांगितलंय, तापवलं की कस जातो. आवडा त्याच्याकडे बघत बघत लोटा संपवायची. गोठा सोडून ती आली होती खरी, पण नवरा रोज गोठा लोट्यात भरून तिच्या मागे आणत होता, आणि त्या दोघांच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस कुठले म्हणाल तर हेच. कोणावर ओरडू?

ताप परत आला. सातव्या महिन्यात मुलगा झाला, जिवंत. मांजराच्या पिल्लाएवढा. आईनं त्याला कापसात गुंडाळलं. आवडा घामानं निथळत होती, तिला धड बसताही येत नव्हतं. ती म्हणाली, मांडीवर द्या. आई म्हणाली, आधी ऊब धरू दे त्याला, मग घे. दिवेलागणीला पोर गेलं. मांडीवर घ्यायचं राहूनच गेलं.

आता सगळ्यांचं समाधान झालं. गोठ्याचा दोष असता तर गोठा सोडल्यावर पोर जगलं असतं. नाही जगलं. म्हणजे दोष बाईतच. परीक्षा अगदी रीतसर झाली होती, साक्षी होते, निकाल लागला होता. भिवा भगतसुद्धा मान हलवून म्हणाला, माझ्या देवाला हे कळलं नाही. लोट्याबद्दल त्याला कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हे कोणाला वाटलंच नाही.

आणि आवडालाही ते पटलं. मला सर्वांत जास्त छळतं ते हे. गावानं बोल लावला तर माणूस गावाशी भांडतं, आणि भांडायला ती काही कमी नव्हती. पण तिला आतूनच खात्री पटली की आपला हात नासका आहे. त्यानंतर तिनं कोणाच्या पोराला हात लावला नाही. बाळंतिणीच्या दारावरून जाताना ती लुगड्यात हात लपवायची.

सवत तिनंच शोधली. दिव्याची लक्ष्मी, बापाविना वाढलेली, गोरीगोमटी, अबोल. पंढरी नको नको म्हणत होता. आवडानं त्याला फैलावर घेतलं, "माज्या पोटी नाय त नाय. घरात पोर पायजे. मना आवाज ऐकू येव दे, बस." लग्न लागलं. मग आवडानं स्वतःच वाटणी केली. लक्ष्मीनं गावातल्या घरात राहायचं, गोठ्याच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. आवडानं गोठ्याला लागून असलेल्या खोपटात राहायचं. गाभण गाईंना आवडा हात लावणार नाही, ते पंढरी बघेल. शेणगोठा मात्र तिचा. आणि आवडाच्या हातचं दूध लक्ष्मीच्या घरात जाणार नाही. लक्ष्मीच्या आईनंही लेकीच्या कानात हेच सांगून ठेवलं होतं: सवतीच्या हातचं काही खाऊ-पिऊ नको, ती काय घालील नेम नाही. त्यामुळं लक्ष्मी पेज प्यायची, सुकट खायची. दुधाचा थेंब नाही.

नवव्या महिन्यात लक्ष्मी बाळंत झाली. ठणठणीत मुलगी, माझी आजी बायजा. गोठाही त्या साली सुरळीत व्याला. उरलासुरला संशय होता तोही फिटला. आवडानं वडाखाली नारळ फोडला आणि लांबून, कुंपणाच्या बाहेरून, पोरीचा रडण्याचा आवाज ऐकला. एवढंच ठरलं होतं, तेवढंच तिनं घेतलं.

पण पोर चालायला लागलं की त्याला कुंपण कुठं कळतं? बायजाला गाईंचं वेड. आईचा डोळा चुकवला की ती थेट गोठ्याकडे पळायची. आवडा आधी ओरडायची, मग काठी आपटायची. पोरीला वाटायचं, खेळच आहे. एकदा चांदीची कालवड नुकतीच व्यालेली, वासरू ओलं, आवडाच्या हातात लोटा. बायजा धावत आली, लोट्याला दोन्ही हात लावले आणि तोंड पुढं केलं, "मना." आवडानं लोटा ओतून दिला. पोरगी तिच्या लुगड्याला बिलगली. तेव्हा आवडानं तिला ढकललं, आणि ती पुन्हा हसत आली तेव्हा खालचं ढेकूळ उचलून मारलं. भुवई फुटली.

लक्ष्मी धावत आली. पोरगी रक्तानं माखलेली, आणि आवडा दोन्ही हात पाठीमागे धरून उभी.

"बाय, ही लेकरू हाय गो! माराची काय?"

"ने तिला. माज्याजवल आयली त जगनार नाय. उद्या आयली त मोठा दगर मारीन."

लक्ष्मी पोरीला घेऊन निघाली. वळून पाहिलं तेव्हा आवडा खाली बसली होती आणि लुगड्याच्या ज्या ओच्याला पोरगी बिलगली होती तो तोंडावर धरून ओक्साबोक्शी रडत होती. लक्ष्मी परत जाणार होती. पण पोरीच्या भुवईतून रक्त थांबत नव्हतं.

ही सगळी हकीगत आजीनंच मला सांगितली, तिला ती लक्ष्मीनं सांगितलेली. मी म्हटलं, "आजी, इतकं माहीत आहे तुला, तरी तिला मारकी म्हणतेस?" आजी म्हणाली, "मारलंच ना तिनं!"

पुढची काही वर्षं आवडा तशीच राहिली. ताप यायचा-जायचा. पाठ वाकली, धड उभं राहता येईना. शेवटी पाय सुजले, दम लागू लागला. उत्तराबाई होत्या तोवर दूध पाठवत राहिल्या आणि आवडा पीत राहिली. तेवढी एकच गोष्ट जगात तिला कोणी मायेनं दिली होती.

ती जायच्या दिवशी लक्ष्मी बायजाला घेऊन खोपटात गेली. बायजा तेव्हा सहा-सात वर्षांची, घाबरून आईच्या मागे लपलेली. लक्ष्मी म्हणाली, "बाय, एकदा तरी मांडीवर घे हिला. तुजीच हाय ती." आवडानं दोन्ही हात गोधडीखाली ओढून घेतले. मग म्हणाली, "नको. तिला जरा उजेडात उभी कर." बायजाला दारात, अंथरुणाला लागूनच उभं केलं. "वल गो जरा." पोरगी वळली. आवडानं तिची पाठ, वेणी, टाचा सगळं बघून घेतलं. "बरी हाय," म्हणाली. दुपारच्या धारेच्या वेळेला ती गेली.

या रोगाला नाव आहे. मला ते खूप पुढं, आमच्या गावात दूध संघ निघाला तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी सहज विषय काढला होता: गाई गाभडतात, वार अडकते, काढणाऱ्याला ताप येतो, पोट पडतं. ते म्हणाले, ब्रुसेलोसिस. जुनाच आहे. गाईच्या वारेतून येतो, कच्च्या दुधातून येतो, गाय पुढं नीट व्याली तरी. दूध उकळलं की संपला. त्या जातीचा जंतू आवडाबाई जिवंत असतानाच कुठल्याशा लांबच्या बेटावर सापडला होता म्हणे. बेटावरून कळव्याला बातमी कोण आणणार?

मी विचारलं, "आणि माणसाकडून माणसाला? म्हणजे अशा बाईनं एखादं पोर नुसतं मांडीवर घेतलं तर?"

"छे हो. मांडीवर घेतल्यानं काय होणार? खुशाल घ्यावं."

आजी तेव्हा ऐंशीला टेकलेली. मी घरी येऊन तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, बरं वाटेल तिला. आवडाबाईवरचा डाग पुसला जाईल. ती ओटीवर बसून ऐकत होती. तिचं बोट भुवईवरून फिरत होतं.

"म्हन्जे मोठ्या आयशीनं मना घेतली असती," ती म्हणाली, "तरी मी मरली नसती?"

"नाही, आजी."

"मी तिच्या पुढ्यातच उभी व्हती गो," आजी म्हणाली. "हात बाहेर काढला असता त पोचला असता."